एकाच अक्षांशावर

देवगडच्या दीपस्तंभापासून नकाशावर सरळ पूर्वेकडे एक रेघ ओढली, तर ती जामसंडे, तळेबाजार, शिरगाव यांच्या आसपासच्या सड्यांवरून, नांदगावच्या तिठ्याजवळून आणि फोंड्याच्या बाजारपेठेवरून जात जात सह्याद्रीचा कडा चढते आणि दाजीपूरच्या अरण्यात शिरते; या दोन टोकांमधले अंतर पाखराच्या वाटेने पन्नास-पंचावन्न किलोमीटरांहून फारसे अधिक भरणार नाही. अक्षांश जवळजवळ एकच, नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा एकच, वर्षातले पावसाचे चार महिनेही तेच. आणि तरी या रेघेच्या पश्चिम टोकाला उघडा, काळवंडलेला कातळ, तर पूर्व टोकाला भर दुपारीही जमिनीवर ऊन पडू न देणारे सदाहरित रान. हा भेद कशामुळे उत्पन्न झाला आणि कोणी टिकवला, हे त्या रेघेवरून प्रत्यक्ष गेल्यावाचून नीट उमगत नाही.

आता खरे सांगायचे, तर मी आपणहून गेलो नसतो. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाची दृष्टी स्वभावतःच पश्चिमेकडे लागलेली असते. त्याचा उदीम, त्याचे सण, त्याचा पाऊस, सारे त्याच दिशेने येते, आणि पाठीमागचा डोंगर म्हणजे केवळ पलीकडच्या मुलखाची सरहद्द, एवढीच त्याची जाणीव असते. त्यात पायांनी चढण चढणे, तेही करमणुकीसाठी, ही गोष्ट वयाच्या या टप्प्यावर मला नकोशी वाटत होती. परंतु कणकवलीस असणारा माझा भाचा दिवाळीला घरी आला आणि त्याने हट्टच धरला. "मामानू, जल्मभर देवगड-निपाणी रस्त्याचे पाटये बघितल्यात, एकदा घाट चढान तरी येवा," असे तो म्हणाला, आणि या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कार्तिक लागला होता. पाऊस जाऊन जेमतेम महिना उलटला होता, तरी जामसंड्याच्या पुढे लागणाऱ्या सड्यावरचे गवत पिवळे पडून वाऱ्यावर लवत होते आणि श्रावणात ज्या तळ्यांत आभाळ उतरलेले दिसते, त्यांच्या जागी वाळलेल्या चिखलाची नुसती वर्तुळे उरली होती. हा आमचा जांभा. लक्षावधी वर्षांच्या उष्ण व दमट हवेने मूळच्या खडकातली विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, आणि त्यांतून हा सच्छिद्र, तांबूस, खणताना नरम आणि वारा-ऊन लागल्यावर कठीण होणारा दगड घडला. त्याच्यावर मातीचा थर बोटभरही नसतो. पावसाळ्यात येथे सीतेची आसवे फुलतात, दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात आणि तीन-चार महिन्यांत आपला जन्म उरकून नाहीशा होतात. जमाबंदीच्या दप्तराने या भूमीची नोंद बहुतांशी खराब्यात केली आहे. परंतु कातळाच्या भेगांतून जे पाणी आत झिरपते, ते जांभ्याखालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि आमच्या कित्येक गावांच्या बावी आणि पोफळीच्या बागा त्या झऱ्यांवर पोसतात, हे लक्षात घेतले म्हणजे ती नोंद अपुरी वाटू लागते.

याच कातळावर देवगडच्या माणसाने हापूस उभा केला. सुरुंग लावून दगडात खड्डे उडवायचे, लांबून आणलेली माती त्यांत भरायची, कलम लावायचे आणि पहिली काही वर्षे डोक्यावरून पाणी आणून ते जगवायचे. एवढा खटाटोप करून वाढवलेल्या झाडांनीच या तालुक्याचे नाव देशाबाहेर नेले. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, त्यामागे या कष्टांचा इतिहास आहे. आम्ही गेलो तेव्हा बागा शांत होत्या. जुनी पालवी जून होऊन गडद झाली होती आणि बागायतदार थंडीची वाट पाहत होते. थंडी पडल्यावाचून मोहोर नाही.

तळेबाजार आणि शिरगाव मागे पडले, की सडे हळूहळू तुटू लागतात, मळे रुंदावतात, आणि नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला, म्हणजे पूर्वेकडची डोंगरओळ प्रथम सलग दिसते. या टापूतून जाताना एक प्रश्न मनात येतोच. डोंगरउतारांवर माती आहे, पाऊस उदंड आहे. मग येथे मोठे रान का नाही? जागोजाग दिसतात ती तोडून पुन्हा पुन्हा फुटलेली झुडपे, काजूची लागवड, आणि मधूनच एखाद्या रवळनाथाच्या किंवा सातेरीच्या देवळाभोवतीची जुनी राई. याचे उत्तर निसर्गात कमी आणि दप्तरात अधिक आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडून देवगड-विजयदुर्गासह हा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून जंगलांवरचा सरकारचा हक्क रयतेच्या पदरात टाकला. हेतू उदार होता, पण परिणाम असा झाला, की जहाजबांधणीला आणि मुंबई शहराच्या जळणाला लाकूड पुरवता पुरवता जिल्ह्यातील रान झपाट्याने उतरले. आजही रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत, आणि हे दोन्ही १९८१ पर्यंत एकच होते, सरकारी वन फार थोडे आणि खासगी मालकीचे पुष्कळ, याचे मूळ त्या जाहीरनाम्यात आहे.

येथे आज्ञापत्राची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आणि १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी झाडांविषयी जो विचार आहे, तो कोणत्याही वनाधिकाऱ्याने आजही पाठ करावा असा आहे. जहाजांना लागणारे सागवानासारखे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे, परंतु आंबे आणि फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असा त्याचा आशय आहे. हे लिहिणाऱ्याच्या घराण्याची जहागीर बावड्याला, म्हणजे याच घाटमाथ्यावर, थोडी उत्तरेस. आणि ज्या जहाजांच्या चिंतेने हे लिहिले गेले, तसली जहाजे ज्या गोदीत दुरुस्त होत, ती खडकात खोदलेली गोदी आमच्या गिर्ये गावी, विजयदुर्गाच्या खाडीत, अजून दिसते. डोंगरावरचे झाड आणि खाडीतले जहाज यांना एकाच नजरेत धरणारी माणसे या प्रांतात होऊन गेली आहेत.

फोंडा हे घाटाच्या पायथ्याचे गाव. मोटारी नव्हत्या त्या काळी बैलांचे तांडे येथे मुक्काम करीत. किनाऱ्यावरचे मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सुपारी वर जाई, आणि देशावरचा गूळ, मिरची, निपाणीची तंबाखू खाली उतरून देवगड किंवा खारेपाटणच्या बंदरातून मचव्यांत चढे. घाटमार्ग आणि खाडी यांच्या या सांगडीची परंपरा फार जुनी आहे. खारेपाटण येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इसवी सन १००८ चा आहे. आज बंदरांचा तो व्यापार संपला आहे, १९९८ पासून कोकण रेल्वे धावते आहे, तरी फोंड्याच्या आठवड्याच्या बाजारात देशावरची भाजी आणि कोकणची मासळी अजून समोरासमोर बसते.

घाट सुरू झाला आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पायथ्याशी ऐन, किंजळ, साग अशी पानगळीची झाडे होती. त्यांचा रंग पावसाळ्यानंतर उतरू लागला होता. वळणे चढत गेलो तसतशी पाने लहान, जाड आणि काळपट हिरवी होत गेली, काचेला थंडावा लागू लागला, आणि माथ्याजवळ एका वळणावर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूचा सारा कडा ओलाच होता. शेवाळे, नेचे आणि त्यांच्यामधून ठिबकणारे पाणी. खाली गवत वाळलेले मी दीड-दोन तासांपूर्वीच पाहिले होते. समुद्रावरून आलेला बाष्पभारित वारा या कड्यावर आपटून वर चढतो, वर चढता चढता थंड होतो आणि आपले पाणी येथे टाकतो, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस, घाटमाथ्यावर गगनबावड्यासारख्या ठिकाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेथून रस्त्याने पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास असलेल्या कोल्हापुरात जेमतेम हजाराच्या घरात. कडा म्हणजे एक अरुंद ओली पट्टी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाणी कमी कमी होत जाते.

दाजीपूर हे पूर्वी कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव रान होते. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी हे अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य असे नाव पडले, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तेव्हा कास, कोयना आणि चांदोली यांच्याबरोबर राधानगरीचाही त्या यादीत समावेश झाला. घाटाखाली हक्क रयतेकडे गेले आणि रान उतरले. घाटावर एका राजघराण्याने शिकारीच्या आवडीपायी रान राखले आणि ते उरले. लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला हे कबूल करणे जड जाते, पण वस्तुस्थिती तशी आहे.

गावातला एक वाटाड्या आमच्याबरोबर निघाला. काही अंतर गाडीरस्त्याने जाऊन आम्ही पायवाटेला लागलो. माझी चाल पाहून त्याने काही न बोलता एक वाळकी काठी तासून माझ्या हाती दिली आणि पुढे आपला वेग निम्म्यावर आणला. या सौजन्यामुळे मला पुढचा दिवस पार पाडता आला आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाहता आला.

पहिली गोष्ट जाणवली ती प्रकाशाची. वीस पावलांत दिवस मावळल्यासारखे झाले. वरची पाने एकमेकांत मिसळून अखंड छत झालेले, त्याखाली मध्यम उंचीच्या झाडांचा दुसरा थर, त्याखाली झुडपे आणि कारवी, आणि जमिनीवर गवत जवळजवळ नाहीच, नुसता पानांचा ओला थर. पाय टाकला की तो दबे आणि खाली काळी, भुसभुशीत माती दिसे. अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचे येथे प्राबल्य आहे, आणि महाबळेश्वरापासून दक्षिणेकडे घाटमाथ्यावर जागोजाग हेच त्रिकूट आढळते. विषुववृत्ताजवळच्या ॲमेझॉनच्या किंवा कांगोच्या खोऱ्यात पाऊस वर्षभर पडतो, म्हणून तेथील रान प्रचंड उंच वाढते. सह्याद्रीत मात्र चार महिने अतिवृष्टी आणि मग सात-आठ महिने कोरडे. केरळात हा कोरडा काळ बराच लहान असतो. उत्तरेकडे येता येता तो लांबत जातो आणि सदाहरित जातींची संख्या घटत जाते. दाजीपूरचे रान या दृष्टीने उत्तर सरहद्दीजवळ उभे आहे. त्याची झाडे फार उंच नाहीत, काही भाग सदाहरित तर काही अर्धसदाहरित, पण जी जात येथे टिकली तिने आठ महिन्यांचा उपास सोसण्याची विद्या आत्मसात केली आहे. पाने जाड आणि गुळगुळीत, पाणी सांभाळणारी. माथ्यावरचे धुके झाडांच्या फांद्यांवरच्या शेवाळ्याला आणि आमरीच्या मुळांना पाणी पाजते. आणि छत अभंग असल्यामुळे जमिनीतला ओलावा उन्हाला सापडत नाही. जेथे छत तुटले, तेथे हे सारे तंत्र कोसळते.

दुसरी गोष्ट मात्र मला अगदी अनपेक्षित होती, आणि तिच्यासाठी मी पुन्हा हीच चढण चढेन. एका ओढ्याच्या काठी वाटाड्या थांबला आणि त्याने एका खोडावर चढलेला वेल दाखवला. हृदयाच्या आकाराची पाने, गाठीगाठींना फुटलेली मुळे. ती रानमिरी होती. चार पावलांवर फणस, कोणी न लावलेला, सरळ आणि उंच, वरच्या छतापर्यंत पोहोचलेला. पुढे कोकमाच्या कुळातले एक झाड, दालचिनीच्या कुळातले दुसरे. ओल्या जागी रानहळदीची वाळत चाललेली पाने. आमच्या घरामागच्या वाडीत वर माड आणि पोफळ, त्यांच्या खोडांवर मिरी, मधल्या सावलीत फणस, कोकम, जायफळ, आणि खाली हळद, आले, अळू. उंचीप्रमाणे वाटून घेतलेली ही जागा कोकणच्या शेतकऱ्याने कोणाकडून शिकली असेल, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. काळी मिरी आणि फणस या पश्चिम घाटाच्या ओल्या रानातल्याच मूळ वनस्पती आहेत. फणसाला फळ खोडावर धरते, उंबरालाही. हे लक्षण उष्ण कटिबंधातल्या सदाहरित वनांचे, आणि आम्ही ते अंगणात पाहत वाढलो. ज्या मिरीसाठी अरब आले, पोर्तुगीज आले, ज्या व्यापारापायी या किनाऱ्याचा पाचशे वर्षांचा इतिहास घडला, तिचे रानटी भावंड येथे एका ओढ्याकाठी, विकत घेणाऱ्यावाचून, वाढत होते. मी बराच वेळ तेथे थांबलो. भाच्याने घाई केली नाही.

वाटेत गारंबीचे वेल होते, माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. त्यांच्या हात-हातभर शेंगा वर लोंबत होत्या. शिकेकाई होती. एका ठिकाणी वाटाड्याने एका साध्याशा दिसणाऱ्या झाडाचे पान चुरून वासाला दिले; तो नरक्या. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्यापासून कर्करोगावरील औषधे तयार होतात, हे कळल्यापासून या झाडाची चोरटी तोड सुरू झाली. घाटमाथ्यावरून नरक्याची पोती पकडल्याच्या बातम्या आम्ही वाचत असतो. माणसाचे प्राण वाचवणारे द्रव्य अंगी असणे हेच त्या झाडाच्या प्राणांवर बेतले आहे. हिरड्याची गोष्ट निराळी. त्याचे फळ गोळा करून विकणे हा येथील गवळी धनगरांचा आणि इतर रहिवाशांचा जुना व्यवसाय. त्रिफळेत तो असतोच, पण कोल्हापुरी चपलांचे कातडे कमावण्यासही बाभळीच्या सालीबरोबर हिरडा लागतो. म्हणजे कोल्हापूरच्या पेठेत ज्या चपलेचा करकर आवाज ऐकू येतो, तिच्या घडणीत या रानाचा अंश आहे, आणि तो झाड न तोडता मिळालेला आहे.

या धनगरवाड्यांविषयी सविस्तर लिहायला हवे, एवढा तो विषय मोठा आहे. म्हशी पाळणे, लोणी-तूप खाली बाजारी नेणे, थोडी नाचणी पिकवणे, असा पिढ्यान् पिढ्यांचा त्यांचा क्रम. अभयारण्य झाल्यावर वहिवाटीचे हक्क आणि वनखात्याचे नियम यांत ओढाताण सुरू झाली. काही वस्त्या बाहेर हलवण्याचा विचार वर्षानुवर्षे चालू आहे. ज्यांनी रान वापरले आणि तरी ते शिल्लक राहिले, त्यांना त्या रानाचे शत्रू समजण्याचे कारण नाही, असे माझे मत झाले. मात्र शाळा आणि दवाखाना नसलेल्या ठिकाणी त्यांनी कायम राहावे, असे शहरातून म्हणणेही न्यायाचे नव्हे.

झाडांच्या शेंड्यात काहीतरी खळखळले. शेकरू, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, तांबूस पाठ आणि अंगापेक्षा लांब शेपूट. त्यानंतर धनेशाच्या पंखांचा जड आवाज आला, पण पक्षी काही दिसला नाही. धनेशाची मादी वीणकाळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर तिला व पिलांना उंबर-पिंपरणीची फळे आणून भरवतो. त्याच्या उडण्याबरोबर बिया दूरवर पडतात. ज्या रानात जुनी, पोकळ खोडाची झाडे नाहीत, त्या रानात धनेशाला घर नाही, आणि धनेश नसेल तर पुढच्या पिढीची कित्येक झाडे पेरली जात नाहीत. एखादे वठलेले खोड "निरुपयोगी" म्हणून तोडण्याचा हुकूम देणाऱ्याने हे जाणून घ्यावे.

रानातून आम्ही एकाएकी बाहेर आलो आणि माझ्यासमोर सडा होता. अगदी आमच्या जामसंड्यासारखा: तांबूस काळा जांभा, वाळू लागलेले गवत, वर मोकळे आकाश. चहूबाजूंनी गर्द रान आणि मध्ये हा उघडा कातळ. घाटमाथ्यावर पुष्कळ ठिकाणी जांभ्याचा असा थर डोंगराच्या डोक्यावर बसला आहे. माती ज्या उतारांवर आणि दऱ्यांत साचली तेथे झाडे वाढली, माथा उघडाच राहिला. तेव्हा प्रत्येक उघडी जमीन ही तोडलेल्या रानाची जागा असते, असे समजू नये. हे सडे मुळातच असे आहेत, पावसाळ्यात त्यांच्यावर फुले येतात, आणि त्यांच्या कडेच्या झऱ्यांवर खालचे सदाहरित रान तग धरते. आम्ही ज्या ओढ्याकाठी मिरीचा वेल पाहिला, तो ओढा याच सड्याच्या पोटातून निघतो, असे वाटाड्याने दाखवले. याच जांभ्यात ॲल्युमिनियमचे खनिज असते. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या परिसरात त्याच्या खाणी निघाल्या आहेत. सडा खणून काढला तर झऱ्याचे काय होते, याचा हिशेब खाणीच्या परवान्याच्या अर्जात ठळकपणे मांडला गेला पाहिजे.

"काका, हितंच थांबा. वारं आपल्याकडनं तिकडं हाय," वाटाड्या हळूच म्हणाला. सड्याच्या पलीकडच्या कडेला काळे ठिपके होते. आम्ही पाहत असताना ते हलले. गवे. चरत चरत त्यांतला एक जरा पुढे आला आणि त्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असल्याचे स्पष्ट दिसले. रानातील गोवंशात जगात याच्याएवढा मोठा दुसरा प्राणी नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत जाते. त्याने मान वर केली, आमच्या दिशेने हवा हुंगली, एक फुत्कार सोडला, आणि सारा कळप घाई न करता रानात शिरला. एवढी अवजड जनावरे, पण झाडांआड गेल्यावर फांदी मोडल्याचाही आवाज आला नाही.

दुपारनंतर आम्ही कड्याच्या दिशेने गेलो. शिवगडाच्या बाजूने खाली पाहिले म्हणजे फोंड्याची कौले, शेतांचे चौकोन आणि त्यांच्यापलीकडे धुरकट होत गेलेले सडे दिसतात. मी उभा होतो ती पाण्याची सरहद्द होती. येथे पश्चिमेकडे पडलेला पाऊस कोकणच्या आखूड नद्यांतून पाहता पाहता अरबी समुद्र गाठतो. पूर्वेकडे चार पावलांवर पडलेला भोगावतीत जातो, तेथून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि अर्धा हिंदुस्थान ओलांडून बंगालच्या उपसागरात. भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचा संकल्प सोडला, कन्या राधाबाई यांच्या नावे राधानगरी वसवली, आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले. पैशाच्या आणि इतर अडचणींनी काम रखडले, १९२२ मध्ये महाराज निवर्तले, आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली. पाण्याच्या दाबानेच उघडणारे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात अजून वर्तमानपत्रांत जागा मिळवतात. कोल्हापूरचा ऊस, त्यातून गूळ, आणि गुळाच्या पेठा, हे सारे या तलावाच्या मागे असलेल्या रानाच्या भरवशावर उभे आहे: रान नसते तर डोंगराची माती उतरून तलाव कधीच भरून गेला असता. शिकारीसाठी राखलेले रान पुढे धरणाचे पाणलोट म्हणून मोलाचे ठरले, आणि आता गव्यासाठी. प्रत्येक पिढीला ते उभे ठेवण्याचे काही ना काही कारण मिळत गेले.

उतरताना अंधार पडला. फोंड्याला चहासाठी थांबलो, तेथे बाकावर एक शेतकरी बसला होता. आम्ही वरून आलो हे कळल्यावर त्याने गवे दिसले का, असे विचारले, आणि मग आपले सांगितले. कापणीला आलेला त्याचा भात चार रात्रींपूर्वी गव्यांनी तुडवला होता; गेल्या काही वर्षांत ते घाट उतरून खाली येऊ लागले आहेत, केळी-पोफळींची रोपेही ठेवत नाहीत. रागाने नव्हे, समजावून सांगितल्यासारखे तो म्हणाला, "रान व्हया, गवो पण व्हयो. पण माझो भात माका कोण देतलो?" पंचनामा झाला होता, अर्ज पुढे गेला होता. रक्कम किती मिळेल आणि केव्हा, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. घाटावरच्या रानाचे पाणी ऊसवाल्यांना मिळते, त्याची हवा आम्हां किनाऱ्यावरच्यांना, त्याची कीर्ती सरकारला. आणि त्याचा खर्च आजमितीस या माणसाच्या चार गुंठ्यांवर पडला आहे. नुकसानभरपाई पुढच्या पेरणीपूर्वी हातात पडली पाहिजे, आणि ती मिळवण्यासाठी त्याला तालुक्याच्या कचेरीत खेपा घालाव्या लागू नयेत. भाच्याने त्याच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून घेतली, आणि कणकवलीच्या वनकचेरीत सोमवारी स्वतः जाऊन चौकशी करतो, असे त्याला सांगितले.